वेब्लेचें रिव्हॉल्व्हर : नांव, घडण आणि परवानेदारांचा विश्वास

१. इ. स. २०२० मध्यें उत्तर प्रदेशांतील हरदोई जिल्ह्यांत संडीला या गांवीं 'वेब्ले अँड स्कॉट' या जुन्या इंग्रजी नांवानें रिव्हॉल्व्हरांचा कारखाना निघत असल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. लखनऊ येथील स्याल मॅन्युफॅक्चरर्स या मंडळीनें नांवाच्या विलायतेंतील धन्यांशीं करार करून हें काम अंगावर घेतलें होतें; आणि कारखान्यांतून बाहेर पडणारें पहिलें हत्यार .३२ बोअरचें रिव्हॉल्व्हर असावें असें ठरलें होतें. वर्तमानपत्रांच्या दृष्टीनें ही बातमी उद्योगधंद्याच्या सदरांतली होती. परंतु देशांतील परवानेदारांमध्यें तिनें जी आशा उत्पन्न केली व तिच्या जोडीनेंच ज्या शंका उठविल्या, त्यांचीं मुळें पुष्कळ मागें जातात. बर्मिंगहॅमची पेढी, १८७८ चा हत्यारांचा कायदा, कानपूरचा सरकारी कारखाना, इतकेंच नव्हे तर मुंगेर व आग्रा येथील अठराव्या शतकांतील शस्त्रशाळा, या सर्वांचा या एका बातमीशीं संबंध पोंचतो. तो संबंध जुळवून दाखवावा, आणि बंद पडलेल्या कारखान्याचें नांव पुन्हां उभें राहतें तेव्हां त्याबरोबर नेमकें काय परत येतें व काय येत नाहीं, याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. प्रथम नांवाचा पूर्वेतिहास पाहूं. बर्मिंगहॅम येथें विल्यम डेव्हिस नांवाचा कारागीर १७९० पासून बंदुकीच्या गोळ्या ओतण्याचे साचे करीत असे. वेब्ले पेढी आपला आरंभ तेथपर्यंत नेते. फिलिप वेब्ले हा बंदुकीच्या कळा बनविणारा. त्यानें आपला वडील भाऊ जेम्स याच्यासह १८३४ च्या सुमारास धंदा मांडला, पुढें डेव्हिसची मुलगी केली, आणि १८४५ मध्यें सासऱ्याचा कारभार त्याच्या हातीं आला. १८५३ मध्यें या घराण्यानें रिव्हॉल्व्हराच्या घडणीचे हक्क नोंदविले. १८६८ मध्यें आयर्लंडच्या पोलिसांनीं त्यांचें रिव्हॉल्व्हर स्वीकारलें, आणि १८७२ पासून 'बुलडॉग' नांवाचें आंखूड नळीचें हत्यार बाजारांत आलें. हें दुसरें हत्यार इतकें खपलें कीं बेल्जममधील कारागिरांनीं त्याच्या नकला सर्रास करून विकल्या. म्हणजे वेब्लेचें रूप दुसऱ्याच्या हातून निघण्याची परंपरा स्वतः वेब्लेच्या भरभराटीच्या दिवसांतच सुरू झाली होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

१८८७ मध्यें ब्रिटिश फौजेनें .४५५ बोअरचें वेब्ले रिव्हॉल्व्हर सरकारी हत्यार म्हणून पत्करलें, आणि पेढीची खरी कीर्ति तेव्हांपासून झाली. १८९७ मध्यें वेब्ले, स्कॉट आणि एलिस या तीन पेढ्या एकत्र होऊन एक मंडळी बनली. १९०६ मध्यें तिचें नांव 'वेब्ले अँड स्कॉट लिमिटेड' असें आटोपशीर करण्यांत आलें. १९१५ मध्यें सहावा नमुना निघाला व पहिल्या महायुद्धांत तो लाखांनीं तयार झाला. या हत्यारांची घडण अशी कीं, सांगाडा पुढील बाजूस बिजागरीवर जोडलेला असतो. घोड्याजवळची अडकण अंगठ्यानें दाबली म्हणजे नळी व काडतुसांचें फिरतें चक्र हीं दोन्ही खालीं झुकतात, आणि चक्राच्या मध्यभागीं असलेली चांदणी वर उचलली जाऊन सहाही रिकामीं काडतुसें एकदम बाहेर पडतात. चिखलांत, धुळींत, घोड्यावर बसून, अंधारांत चांचपून, कसेंही भरतां यावें अशी ही सोय होती. तिला मजबुती हवी ती बिजागरी व अडकण यांच्या जोडांत. हे जोड हातानें घांसून बसविणारा कारागीर कसबी असेल तर हत्यार पन्नास वर्षें टिकतें. तो कच्चा असेल तर थोड्याच दिवसांत तें डळमळूं लागतें. वेब्लेच्या लौकिकाचें मर्म या जोडांत होतें.

३. हिंदुस्थानांत हें हत्यार आलें तें मुख्यतः गोऱ्या अंमलदारांच्या कमरेला. फौजेच्या अंमलदारानें आपलें रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशानें घ्यावें अशी वहिवाट असल्यामुळें मुंबई-कलकत्त्याच्या विलायती दुकानांतून वेब्लेचीं हत्यारें विकलीं जात, आणि कित्येकांवर करणाऱ्याच्या नांवाबरोबर विकणाऱ्याचेंहि नांव कोरलेलें आढळतें. नेटिव माणसाच्या हातीं तें पोंचणें मात्र सोपें नव्हतें. १८५७ व १८६० मध्यें हत्यारांसंबंधीं कायदे झालेच होते. त्यांवर कळस लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ च्या अकराव्या कायद्यानें चढविला. परवान्यावांचून हत्यार बाळगणें हा अपराध ठरला आणि युरोपियनांस त्यांतून सूट मिळाली. या भेदाचें शल्य सुशिक्षितांस किती होतें, हें १८८७ च्या मद्रास येथील राष्ट्रीय सभेनें या कायद्यांत फेरफार मागणारा ठराव केला त्यावरून दिसून येतें. ज्या थोड्या हिंदी घराण्यांस परवाने मिळाले त्यांत संस्थानिक, इनामदार, मोठे सावकार, सरकारी नोकर व फौजेंतून निवृत्त झालेले अंमलदार यांचा भरणा असे.

यामुळें हिंदी घरांतील वेब्लेस हत्यारापलीकडचा एक अर्थ प्राप्त झाला. तें घरांत आहे याचा अर्थ सरकारचा त्या घरावर विश्वास आहे, असा शेजारीपाजारी लावीत. परवान्याचा कागद व हत्यार हीं एकाच पेटींत राहत, आणि वडिलांमागून मुलाच्या नांवें परवाना होणें हा घराण्याच्या मानाचा प्रश्न होई. आजच्या परवानेदारास वेब्लेच्या नांवाविषयीं जी ओढ वाटते, तिच्यांत हत्याराच्या गुणांइतकाच या मानाचा वांटा आहे. आणि तो वेगळा काढून पाहिल्यावांचून त्याच्या आशेची किंवा शंकेची यथार्थ परीक्षा होणार नाहीं.

४. येथें बोअराचा एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. वेब्लेची कीर्ति झाली ती .४५५ व पुढें .३८ बोअरच्या फौजी रिव्हॉल्व्हरांमुळें. परंतु स्वतंत्र भारतांत १९५९ चा हत्यारांचा कायदा १९६२ मध्यें अमलांत आला, आणि त्याखालील नियमांनीं फौजी काडतूस ज्यांत बसतें अशा हत्यारांस निषिद्ध वर्गांत टाकलें. .३८० व .४५५ चीं रिव्हॉल्व्हरें, ९ मिलिमीटरचीं पिस्तुलें, .३०३ च्या रायफली, हीं सर्व त्या वर्गांत गेलीं. फौजेचा दारूगोळा चोरीस जाऊन खाजगी हत्यारांत वापरला जाऊं नये, हा त्यांतील हेतु उघड आहे. सामान्य परवानेदाराच्या वांट्यास लहान हत्यारांपैकीं मुख्यतः .३२ बोअर राहिला. म्हणजे ज्या हत्यारांनीं नांव गाजविलें तीं नेमकीं सामान्य माणसास वर्ज्य, आणि जें त्याला मिळूं शकतें तें त्याच घराण्याचें धाकटें भावंड, अशी स्थिति झाली. संडील्याच्या कारखान्यानें आरंभ .३२ नें करावा याचें कारण हेंच होय.

५. विलायतेंत या पेढीचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. पहिल्या युद्धानंतर ब्रिटिश सरकारनें लहान बोअरचें नवें रिव्हॉल्व्हर हवें असें ठरविलें. वेब्लेनें .३८ चा नमुना सिद्ध केला. पण सरकारनें त्याचाच आधार घेऊन आपल्या एन्फील्ड येथील कारखान्यांत थोड्या फेरफारानें तेंच हत्यार काढलें, व १९३२ मध्यें तें फौजेस दिलें. वेब्लेनें श्रमाचा मोबदला मागितला; अखेर शोधकांस पारितोषिकें ठरविणाऱ्या राजकीय मंडळापुढें दाद लागून १२५० पौंड पदरांत पडले. १९२० मध्यें तेथील खाजगी हत्यारांवर निर्बंध आले होतेच. दुसऱ्या युद्धांत गरजेपोटीं सरकारनें पुन्हां वेब्लेकडून .३८ चीं रिव्हॉल्व्हरें घेतलीं, पण युद्ध सरतांच ती मागणी ओसरली. १९५८ पासून पेढी एका धन्याकडून दुसऱ्याकडे जाऊं लागली, व बर्मिंगहॅमच्या वीमन स्ट्रीटमधील जुनी जागा सुटली. १९७९ मध्यें दारूच्या बंदुका करणें थांबलें, आणि मागें हवेच्या बंदुकांचा धंदा उरला. १९९६ मधील डनब्लेनच्या शाळेंतील हत्याकांडानंतर १९९७ च्या कायद्यांनीं ग्रेट ब्रिटनमधील खाजगी पिस्तुलें व रिव्हॉल्व्हरें जवळजवळ संपुष्टांत आलीं. २००५ च्या अखेरीस हवेच्या बंदुकांचा कारखानाहि बंद पडला; नांव नव्या धन्यांकडे गेलें, आणि त्या नांवाचा माल पुढें तुर्कस्तानांत होऊं लागला.

तात्पर्य, २०२० मध्यें संडील्यास जें आलें तें नांव ज्या भूमींत जन्मलें, त्या भूमींत सामान्य नागरिकास वेब्लेचें रिव्हॉल्व्हर विकत घेण्याची सोय राहिली नव्हती. तें करणारे मूळ हात कित्येक दशकांपूर्वींच विखुरले होते.

६. आतां याच्या उलट बाजू पाहावी. नांव विलायतेंत फिरत असतां वेब्लेचें रूप हिंदुस्थानांत कधींच येऊन स्थिरावलें होतें. १९४२ मध्यें, युद्धाच्या धामधुमींत, कानपूर येथें स्मॉल आर्म्स फॅक्टरी हा सरकारी कारखाना निघाला. तेथें पुढें सामान्य परवानेदारांकरितां .३२ चें जें रिव्हॉल्व्हर होऊं लागलें, त्याची घडण वेब्लेच्या .३८ च्या चौथ्या नमुन्यावरून घेतलेली आहे. तीच बिजागरी, तीच अडकण, तीच चांदणी. २०१४ मध्यें कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीनें स्त्रियांच्या संरक्षणासाठीं म्हणून 'निर्भीक' हें हलक्या टायटॅनियम मिश्र धातूचें रिव्हॉल्व्हर काढलें. तेंहि याच कुळांतलें. त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती, यावरून या मालाचा भाव कोणत्या पायरीवर गेला होता याची कल्पना येईल.

जुन्या पोथ्यांच्या संशोधनांत असा प्रकार आपणांस वारंवार भेटतो. ग्रंथकर्त्याचें नांव एका प्रतीवर, मजकूर दुसऱ्या प्रतींत, आणि मूळ हस्ताक्षर कोठेंच नाहीं. कानपूरजवळ रूप होतें, नांव नव्हतें; संडील्यानें नांव आणलें. यांतील वेब्लेचा खरा वारस कोण, हा प्रश्न म्हणूनच नुसत्या करारपत्रावरून सुटत नाहीं.

७. परवानेदारांच्या आशा समजण्यास त्यांची अडचण समजली पाहिजे. १९८०–९० या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसास परदेशांतून हत्यार आणण्याची वाट बंद झाली. नामांकित नेमबाजांसारखे थोडे अपवाद राहिले. त्यामुळें देशांत आधींच असलेलीं विलायती व अमेरिकन हत्यारें हातोहात फिरत राहिलीं आणि त्यांच्या किंमती अवाच्या सवा वाढल्या. शंभर वर्षांचें, नळी झिजलेलें, पण नांवाचें रिव्हॉल्व्हर नव्या सरकारी रिव्हॉल्व्हरापेक्षां कितीतरी महाग जावें, असा विपरीत बाजार तयार झाला. नवीन घ्यावयाचें तर विक्रेता एकच, म्हणजे सरकार. एकच विकणारा असला म्हणजे माल कसा असावा हें गिऱ्हाइकानें सांगण्याची सोय उरत नाहीं. खाजगी कारखाने होते, पण ते बहुतेक बारा बोअरच्या बंदुकांचे. रिव्हॉल्व्हर व पिस्तूल हा प्रांत त्यांच्या हद्दीबाहेरचा होता. २०१६ च्या नियमांनीं व त्यांपुढील दुरुस्त्यांनीं खाजगी मंडळींस या प्रांतांत शिरकाव मिळाला, आणि त्याच दारांतून संडील्याचा कारखाना आला.

अशा वेळीं परवानेदारानें आशा धरली तर नवल नाहीं. पहिली आशा मालाच्या चोखपणाची : दुसरा विक्रेता आला म्हणजे पहिल्यासहि हात आवरून काम करावें लागेल. दुसरी दुरुस्तीची : जुन्या वेब्लेची कमान तुटली, चांदणी झिजली, तर बदली भाग मिळत नाहीं व गांवचा कारागीर घांसून-घडवून काम चालवितो, त्याच नांवाचा कारखाना देशांत असेल तर तो भाग मिळेल. तिसरी आशा उघड बोलून दाखविली जात नाहीं, पण ती सर्वांत खोल आहे. आजोबांच्या पेटींतलें नांव आपल्याहि नांवच्या परवान्यावर असावें, ही ती आशा होय.

८. शंकाहि तितक्याच सबळ आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं आशेच्याच पोटीं जन्मल्या आहेत.

पहिली शंका हातांविषयीं. नांवाचे धनी वारंवार बदलले, आणि मूळ पेढीनें रिव्हॉल्व्हर करणें सोडल्यास पुष्कळ वर्षें लोटलीं. मग करारानें दिलें तें काय? नकाशे व नांव कागदावर देतां येतात, घांसणाऱ्याचा हात देतां येत नाहीं. यावर असें उत्तर दिलें जातें कीं, हल्लींच्या गणकनियंत्रित यंत्रांनीं हातकाम पुष्कळ अनावश्यक केलें आहे. तें अंशतः खरें आहे. पोलादाची जात, त्याला दिलेलें पाणी, आणि तयार मालाची तपासणी या तीन गोष्टी मात्र यंत्र आपण होऊन ठरवीत नाहीं. त्या कारखानदाराच्या सचोटीवर अवलंबून असतात.

दुसरी शंका किंमतीविषयीं. त्या वेळच्या बातम्यांत या रिव्हॉल्व्हराची किंमत सुमारें १ लाख ६० हजार रुपये सांगण्यांत आली होती. कानपूरचें त्याच घडणीचें हत्यार कमी किंमतींत मिळत असतां वरचा पैसा पोलादाचा कीं नांवाचा, असें गिऱ्हाइकानें विचारणें साहजिक आहे.

तिसरी शंका काळाविषयीं. हत्यार हें वर्षा-दोन वर्षांचें वाण नव्हे. तें वीस-तीस वर्षें घरांत राहतें. जें नांव पाऊणशें वर्षांत अनेक धन्यांच्या हातून गेलें, तें आणखी वीस वर्षांनीं कोणाच्या हातीं असेल व तेव्हां कमान कोण देईल, याची खात्री कोणतेंहि करारपत्र देऊं शकत नाहीं. काडतुसांची मात्र तशी चिंता नाहीं. खडकीच्या कारखान्यांत १८६९ पासून काडतुसें होत आहेत, आणि 'केएफ' हीं त्या कारखान्याचीं अक्षरें .३२ च्या काडतुसांच्या बुडावर देशभर ओळखलीं जातात. नांव बर्मिंगहॅमचें, पोलाद व घडण अवधांतील, आणि आंतली दारू पुण्याजवळची, असा हा संगम आहे.

चौथी शंका कायद्यानें उत्पन्न केली, व तीच सर्वांत बोचणारी. १९५९ च्या कायद्याखालीं एका माणसास तीन हत्यारें बाळगतां येत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनें ही मर्यादा दोनावर आली. मूळ मसुद्यांत तर ती एकावरच यावयाची होती. वडिलार्जित हत्यारासहि ही मर्यादा लागू झाली, आणि ज्यांच्याजवळ अधिक हत्यारें होतीं त्यांनीं एक वर्षाच्या आंत तीं पोलिसांत किंवा परवानेदार विक्रेत्याकडे जमा करावीं असें ठरलें. नेमबाजांस वेगळी सवलत राहिली. ही मुदत डिसेंबर २०२० मध्यें संपत होती, आणि संडील्याच्या कारखान्याची वार्ताहि त्याच वर्षाची. ज्या परवानेदाराजवळ आजोबांची बारा बोअरची बंदूक व वडिलांचें जुनें रिव्हॉल्व्हर अशीं दोन हत्यारें आहेत, त्यानें नवें वेब्ले घ्यावयाचें तर जुन्यांपैकीं एक सोडलेंच पाहिजे. नव्या वेब्लेसाठीं जुनें वेब्ले सोडणें असाहि प्रसंग येऊं शकतो. नांवाच्या ओढीनें जें घ्यावयाचें, त्यासाठीं त्या नांवाची अस्सल खूण घराबाहेर घालवावयाची, हा पेंच कायद्यानें घातला आहे. तो कोणत्याहि कारखान्यास सोडवितां येणार नाहीं.

९. या शंका नव्या काळाच्या आहेत असें वाटेल. परंतु आपल्या इतिहासांत नव्या शस्त्रशाळेविषयीं असेच प्रश्न पूर्वींहि उठले आहेत, व त्यांचें उत्तर कसें मिळालें हें पाहण्यासारखें आहे.

बंगालचा नबाब मीर कासीम यानें १७६० नंतर आपली राजधानी मुंगेरास नेली, आणि गुर्गीन खान या आर्मेनियन सरदाराच्या देखरेखीखालीं तेथें चकमकीच्या बंदुकांचा कारखाना घातला. देशी कारागिराच्या हातची बंदूक विलायती बंदुकीच्या तोडीची असेल, यावर कंपनीच्या लोकांचा विश्वास बसणें कठीण होतें. 'सियर-उल्-मुताखरीन' या फारसी ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरकारानें टिपेंत असें नमूद केलें आहे कीं, कलकत्त्याच्या कौन्सिलाच्या हुकुमानें मुंगेरच्या व विलायतेहून आलेल्या बंदुकांची तुलना करण्यांत आली, व मुंगेरचा माल सरस ठरला. १७६३ मध्यें इंग्रजांनीं मुंगेर घेतलें, नबाबी बुडाली. पण कारागीर तेथेंच राहिले, आणि आजहि मुंगेरच्या किल्ल्याच्या आवारांत परवानेदार बंदूक-कारखाने आहेत. राज्य गेलें, धनी गेला, नांव गेलें. हात राहिले म्हणून धंदा राहिला.

दुसरें उदाहरण आपल्या अधिक जवळचें. महादजी शिंदे यांनीं डी बॉयनकडून कवायती पलटणी उभ्या करविल्या, तेव्हां त्यांस हत्यारें पुरविण्यासाठीं आग्रा येथें शस्त्रशाळा चालविण्यांत आली. तिचा मुख्य सँग्स्टर नांवाचा स्कॉच कारागीर. तो पूर्वीं गोहदच्या राण्याच्या चाकरींत होता. तेथें तोफा ओतल्या जात व बंदुका होत. एका बंदुकीस सुमारें १० रुपये खर्च येई. या बंदुकांवर कोणत्याहि नामांकित पेढीचा शिक्का नव्हता. लालसोट, पाटण, मेडते या लढायांच्या काळांतील शिंद्यांच्या फौजेचा विश्वास त्यांनीं मिळविला असेल तर तो रणांगणावरील वापरानें. ऑक्टोबर १८०३ मध्यें आग्र्याचा किल्ला लॉर्ड लेकच्या हातीं पडला. मुंगेरप्रमाणें येथें कारागिरांची दाट वसाहत मागें टिकली नाहीं, व आग्र्याच्या बंदुकांची परंपरा इतिहासजमा झाली.

या दोहोंवरून एक सूत्र निघतें. शस्त्रशाळेची परंपरा टिकते ती कारागिरांच्या वस्तीनें, आणि तिच्यावर विश्वास बसतो तो उघड कसोटीनें. बर्मिंगहॅमलाहि हेंच लागू होतें. तेथें १८१३ मध्यें पार्लमेंटच्या कायद्यानें बंदुकांच्या कसोटीचें घर स्थापन झालें. नेहमींपेक्षां जबर बार भरून नळी तपासावयाची, टिकली तर तिच्यावर खूण उमटवावयाची, हें त्याचें काम. वेब्लेच्या प्रत्येक हत्यारावर वेब्लेच्या नांवाखेरीज ही तिऱ्हाइताची खूण असे. गिऱ्हाईक नांव वाचीत असे, पण त्या नांवास भार येत असे तो त्या खुणेमुळें. नांवाचा व्यापार झाला, पण खूण विकत देण्याचा अधिकार कोणासच नव्हता.

१०. आतां निर्णय. आमच्या मतें परवानेदारांची आशा व शंका या दोन्ही योग्य ठिकाणीं आहेत. फक्त त्या कशावर ठेवाव्या, यांत थोडी सुधारणा हवी. आशा नांवावर ठेवूं नये. नांवाच्या मागून रूप, कारागीर व कसोटी हीं आपोआप येत नाहींत, हें वेब्लेच्या स्वतःच्या चरित्रावरून सिद्ध आहे. बेल्जमनें रूप घेतलें, एन्फील्डनें घडण घेतली, तुर्कस्तानांत नांव गेलें, कानपुरांत घडण आली. या प्रत्येक ठिकाणीं माल चांगला निघाला असेल वा वाईट, पण तो त्या त्या कारखान्याच्या गुणानें, वेब्लेच्या गुणानें नव्हे. उलट शंकाहि 'हें खरें वेब्ले नव्हे' अशा रूपाची असूं नये. खरें वेब्ले म्हणजे वीमन स्ट्रीटवरचें, असें म्हटलें तर तें आतां कोणासच करतां येणार नाहीं, आणि मग कोणताहि नवा कारखाना उभा राहण्यापूर्वींच बाद होईल. मुंगेरच्या बंदुकीसहि कोणी आधीं तिचें नांव विचारलें असतें तर ती कसोटीपर्यंत पोंचलीच नसती.

विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. पोलाद कोठलें व कोणत्या प्रतीचें? कसोटी कोण घेतो, व तिचा निकाल गिऱ्हाइकास पाहावयास मिळतो काय? बिघडलेला भाग बदलून मिळण्याची हमी किती वर्षांची? कारागीर टिकून राहतील असें वेतन व काम त्यांस आहे काय? हे प्रश्न संडील्यास जसे विचारावयाचे, तसेच कानपुरासहि. २०२१ मध्यें सरकारी शस्त्रकारखान्यांचें जुनें मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या करण्यांत आल्या, व कानपूरचे हे कारखाने त्यांपैकीं एकीकडे गेले. तिनें ऑगस्ट २०२३ मध्यें 'प्रबल' हें .३२ चें नवें रिव्हॉल्व्हर पुढें आणलें. त्यांत वेब्लेची बिजागरी सोडून चक्र बाजूस उघडणारी रीत घेतली आहे. म्हणजे ज्या सुमारास वेब्लेचें नांव देशांत आलें, त्याच सुमारास वेब्लेचें रूप सरकारी कारखान्याच्या नव्या हत्यारांतून निघूं लागलें. एकाचा परिणाम दुसरा, असें म्हणण्यास आधार नाहीं. पण गिऱ्हाइकासमोर दोन निराळ्या घडणी आल्या, हा लाभ खराच. कित्येक दशकें ज्यास निवडच नव्हती, त्यास आतां निवडीची जबाबदारीहि घेतली पाहिजे.

११. शेवटीं इतिहाससंशोधकांच्या दृष्टीनें एक विनंति. २०१९ च्या दुरुस्तीमुळें महाराष्ट्रांतील व इतर प्रांतांतील पुष्कळ घरांतून तिसरें हत्यार बाहेर गेलें, आणि तें बहुधा सर्वांत जुनें व निकामी असेंच असणार. अशा हत्याराबरोबर त्यावरील करणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या व कसोटीच्या खुणा कायमच्या नाहींशा होतात. हत्यार ठेवणें वा सोडणें हा ज्याचा त्याचा व कायद्याचा प्रश्न आहे. पण कागद ठेवण्यास कोणतीहि मर्यादा नाहीं. १८७८ च्या कायद्याखालील जुने परवाने, त्यांवरील शेरे, दुकानांच्या पावत्या, वारसाच्या अर्जांच्या नकला व हत्यारांवरील खुणांचे ठसे हें साहित्य अद्याप घरोघर पडून आहे. कोणत्या घरास परवाना मिळाला व कोणास नाकारला, कोणत्या साली हत्यार सरकारजमा झालें व केव्हां परत मिळालें, यांवरून त्या त्या गांवचा सत्तेशीं असलेला संबंध इतर कोणत्याहि कागदापेक्षां स्पष्ट कळतो. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं हत्यार जमा करण्यापूर्वीं त्यावरील खुणांची नोंद करून ठेवावी, आणि कागदांच्या नकला जवळच्या संशोधनसंस्थेकडे द्याव्या. नवीन वेब्ले चांगलें निघालें कीं वाईट, हें काळ ठरवील. जुन्या वेब्लेंची हकीकत मात्र आतांच लिहून ठेवली नाहीं तर ती पुढें कोणासहि लिहितां येणार नाहीं.